कारभार सोपविताना

धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नालछा हे गाव लागते. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजी झाली, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह होऊन होळकरांचे राज्य इंग्रजांच्या वर्चस्वाखाली गेले, आणि विस्कटलेल्या माळव्याची घडी बसविण्याचे काम सर जॉन माल्कम याजकडे आले. या काळात नालछ्याचा एक जुना, पडीक राजवाडा राहण्याजोगा करून घेऊन माल्कम तेथे मुक्काम करी. माणसाशी झालेले बोलणे त्या माणसाच्या मागे कसे टिकवावे, हा प्रश्न आज नव्या यंत्रांमुळे पुन्हा उभा राहिला आहे. त्याचा विचार करताना या गावाची आठवण होते.

माल्कमची रीत अशी, की त्याच्याकडे येणाऱ्यास मज्जाव नसावा. ‘चारही दरवाजे खुले’ या अर्थाचा शब्दप्रयोग तो आपल्या कारभाराविषयी अभिमानाने करीत असे. सरदार, कारभारी, पाटील, रयत, विंध्याद्रीतील भिल्लांचे नाईक, सारे येत आणि आपली हकीकत सांगत. परंतु असा कारभार एका माणसाच्या स्मरणावर चालतो. तो माणूस गेला, की कोणास काय वचन दिले, कोणते भांडण कशाने मिटले आणि कोणती गोष्ट मुद्दाम केली नाही, हे सारे त्याच्याबरोबर जाते. १८२१ मध्ये माल्कमने माळवा सोडला, तेव्हा हीच अडचण पुढे होती.

त्याने ती दोन प्रकारे सोडविली. एक म्हणजे माळव्याविषयीचा मोठा अहवाल. त्याचाच विस्तार होऊन १८२३ मध्ये लंडनला मध्य हिंदुस्थानाविषयीचा द्विखंडात्मक ग्रंथ निघाला. दुसरा प्रकार अधिक लहान, पण आपल्या विषयाला अधिक जवळचा. हाताखालच्या अधिकाऱ्यांसाठी त्याने १८२१ मध्येच सूचनांचे एक टिपण लिहिले. लोकांशी आदराने वागावे, त्यांचे म्हणणे स्वतः ऐकावे, सुधारणेची घाई करू नये, असा त्याचा रोख होता. त्यात नुसत्या आज्ञा नाहीत, त्यांमागची कारणेही आहेत. इंग्रजांची सत्ता शस्त्रांइतकीच लोकांच्या समजुतीवर उभी आहे, ती समजूत ढळली तर सत्ताही ढळेल, हे कारण त्याने प्रथमच सांगून ठेवले.

मराठी मुलखास ही रीत नवी नव्हती. त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र सिद्ध झाले होते. शिवकालापासूनचा अनुभव कोल्हापूरच्या गादीवरील पुढच्या पिढीच्या हाती देणे, हाच त्याचा हेतू. आरमारासाठी लाकूड लागते, तथापि रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत, असे त्यात बजावले आहे. ही झाडे वर्ष दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, हे कारणही तेथेच दिले आहे. नुसती आज्ञा पहिल्या निकडीच्या प्रसंगी बाजूला पडते. कारण सोबत असले, तर नवा अधिकारी नव्या प्रसंगीही योग्य तेच करू शकतो.

आज हेच काम यंत्राकडे आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाशी माणसे तासन् तास बोलतात. हिशेब, लेखन, कार्यक्रमांची जुळणी त्याच्याकडून करून घेतात. पण त्याच्या ध्यानात एका वेळी ठरावीक मजकूरच राहतो, आणि नवे संभाषण सुरू केले की पुष्कळदा मागचे काहीच त्याच्यापुढे नसते. म्हणून जुनी संभाषणे वाचून त्यांचे सार काढणारी साधने निघाली आहेत. काम काय होते, काय ठरले, काय राहिले, कोणत्या अटी पाळावयाच्या, याचे टिपण ती तयार करतात. नवा साहाय्यक ते वाचून पुढे चालतो. नव्या कामगारास पहिल्या पाळीने निरोप द्यावा, तसाच हा प्रकार.

सोय मोठी, पण धोकाही तेथेच. सार काढताना ‘बहुधा’ हा शब्द गळतो आणि अंदाजाचा निर्णय होतो. ‘हे करू नका’ असे एकदाच सांगितलेले असते, ते वगळले जाते. टिपणाचे पुन्हा टिपण केले, तर मूळ बोलणे आणखी दूर जाते. आणि वाचणारा नवा असल्याने, काय गळले हे त्याला कधीच कळत नाही.

येथे माल्कमपासून एक गोष्ट घेण्याजोगी आहे आणि एक टाळण्याजोगी. अहिल्याबाईंचा वृत्तांत मिळविताना तो त्यांच्या आश्रितांच्या शब्दावर विसंबला नाही. सर्व थरांतील लोकांकडे त्याने चौकशी केली, आणि जो जो ती खोल गेली तो तो त्याचा आदर वाढतच गेला. सार लिहिण्यापूर्वी ताडून पाहणे, ही घेण्याजोगी गोष्ट. परंतु उघड्या दारांतून आत येऊन जे बोलले, त्यांच्याविषयी इंग्रजीत काय लिहिले गेले, हे त्यांतील बहुतेकांस कधी वाचता आले नाही. त्याच्या पानांत भिल्ल येतात ते बहुधा बंदोबस्ताचा विषय म्हणून. आपली बाजू त्यात नीट उतरली की नाही, हे सांगण्याची संधी त्यांना नव्हती. पुढचा कारभार मात्र त्या पानांच्या आधारे चालला.

म्हणून यंत्राने काढलेले टिपण पुढे धाडण्यापूर्वी, ज्याचे बोलणे त्यात आटविले आहे त्याच्या हाती ते पडले पाहिजे, त्याच्या भाषेत असले पाहिजे आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे. नालछ्याचे दरवाजे बोलणाऱ्यांसाठी खुले होते. दप्तर खुले नव्हते.