लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघर

वसतिगृह म्हटले की आपल्यासमोर इमारत, फलक आणि सरकारी अनुदान उभे राहते. पण आम्हाला येथे ज्या वसतिगृहाची आठवण द्यायची आहे ते एका बाईच्या चुलीपाशी वाढले.

शंभर वर्षांपूर्वीची खेडी डोळ्यांपुढे आणा. गावची शाळा चार-सहा इयत्तांत संपे. पुढे शिकायचे तर बारा-चौदा वर्षांच्या पोराने शहर गाठायचे. पण राहायचे कुठे? ब्राह्मणाच्या गरीब मुलाला निदान वार लावून जेवता येई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. महारामांगाच्या पोराला वार कोण लावणार? खोली नाही, खानावळ नाही. हुशार पोरं अशीच गुरांमागे गेली. ह्याच काळात, जानेवारी १९२५ मध्ये, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले ते उगाच नव्हे.

साताऱ्यात मात्र जरा निराळे घडत होते. भाऊराव पाटील हे जैन कुटुंबातले, सत्यशोधक विचारांचे. कोल्हापुरात शिकत असताना १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून राहत्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. ज्याला स्वतःला एकदा बाहेर काढले, त्याला दार उघडे ठेवण्याची किंमत कळते, असे आम्हाला वाटते.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात स्वतःच्या घरातच पोरं ठेवून घेतली. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळी एका पंगतीला. निरनिराळ्या जातींसाठी निरनिराळी वसतिगृहे काढण्याचा तो जमाना; एकच चूल ही फार मोठी गोष्ट होती.

भाऊराव निधीसाठी गावोगाव हिंडायचे. घरी पोरं लक्ष्मीबाईंची. सोवळ्यात वाढलेली ही बाई; विटाळ पाळणाऱ्या घरातून आलेली. नवऱ्याने व्याख्यान देणे सोपे, पण रोज पीठ मळून, ज्याची सावली टाळायला शिकवले त्याच्या ताटात भाकरी वाढणे, ते तिलाच करायचे होते. आणि तिने केले! पोरांचे दुखणेखुपणे तिने काढले. धान्य संपले की एकेक दागिना जाई. अखेर मंगळसूत्रही मोडले. त्या काळच्या सवाष्णीने ते गळ्यातून काढणे म्हणजे काय, हे आमच्या आयाबायांना वेगळे सांगायला नको.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. पुढे बोर्डिंग धनिणीच्या बागेत नांदले. मुले आपला स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम स्वतः करीत. फुकटाचे खाल्ले असे कुणाला वाटू नये, हा त्यामागचा हेतू. संस्थेचे ब्रीदही तेच: ‘स्वावलंबी शिक्षण’.

लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. त्यांनी ह्यातले काही पाहिले नाही. भाऊरावांना लोकांनी ‘कर्मवीर’ म्हटले, त्यांच्या तसबिरी शाळाशाळांत लागल्या. लक्ष्मीबाईंची तसबीर त्या मानाने क्वचितच दिसते.