डेव्हिड, सर ससून जेकब

डेव्हिड, सर ससून जेकब : (१८४९–१९२६). मुंबईतील सूतव्यापारी, गिरणीमालक, ‘बँक ऑफ इंडिया’चे एक प्रमुख संस्थापक व पहिले अध्यक्ष, १९२१-२२ या वर्षी मुंबई नगरपालिकेचे (कॉर्पोरेशनचे) अध्यक्ष. नामसाधर्म्यामुळे डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांच्याशी त्यांची नेहमी गल्लत होते. मुंबईतील ससून गोदी, डेव्हिड ससून ग्रंथालय इत्यादींशी निगडित असलेले घराणे ते निराळे. मात्र त्या घराण्याशी त्यांचे नाते जडले होते. कारण त्यांच्या पत्नी हॅना या डेव्हिड ससून यांचे पुत्र इलायस यांच्या कन्या.

मुंबईतील ज्यू समाजात दोन भिन्न प्रवाह आढळतात. कोकणातील खेड्यांत शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे बेने इझ्राएल हा एक. आणि एकोणिसाव्या शतकात बगदाद व आसपासच्या प्रदेशातून व्यापारासाठी आलेले बगदादी ज्यू हा दुसरा. डेव्हिड दुसऱ्या प्रवाहातले. ‘ससून जे. डेव्हिड आणि कंपनी’ ही त्यांची पेढी होती. मुंबईच्या गिरण्यांत निघणाऱ्या सुताला त्या काळी चीन ही मोठी बाजारपेठ होती. या गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा असे. जयगडसारख्या बंदरांतून आगबोटीने मुंबईस येणारा चाकरमानी आणि सुताच्या गासड्या परदेशी धाडणारा पेढीवाला ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन टोके होत. शहराच्या कारभारात मात्र यांपैकी एकालाच स्थान होते. डेव्हिड यांना १९०५ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला व त्याच सुमारास ते मुंबईचे शेरीफही झाले.

बँक ऑफ इंडियाची स्थापना ७ सप्टेंबर १९०६ रोजी झाली. वसूल भांडवल ५० लाख रुपये, मुंबईत एकच कचेरी आणि ५० कर्मचारी, एवढ्यावर तिने कामास प्रारंभ केला. संचालकांत डेव्हिड यांच्याखेरीज सर कावसजी जहांगीर, रतनजी दादाभाई टाटा, गोवर्धनदास खटाव, लल्लुभाई सामळदास, रामनारायण हरनंदराय, नूरुद्दीन इब्राहिम नूरुद्दीन प्रभृती मंडळी होती. पारशी, हिंदू, मुसलमान व ज्यू धनिकांनी एकत्र येऊन उभारलेली ही बँक होती आणि तिचे हे स्वरूप मुंबईच्या व्यापारी परंपरेस साजेसेच होते. स्वदेशीच्या चळवळीने देशी भांडवलाच्या बँकांना त्या वेळी चालना मिळाली होती. तथापि या बँकेमागे भावनेपेक्षा व्यवहार अधिक होता. १८६५ च्या शेअरबाजारातील कोसळीचे दिवस डेव्हिड यांनी ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पाहिले होते. तिच्या धक्क्याने जुनी ‘बँक ऑफ बाँबे’ १८६८ मध्ये बुडाली होती.

डेव्हिड यांच्या धोरणाची कसोटी १९१३ मध्ये लागली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बंद पडली आणि वर्ष संपण्यापूर्वी मुंबईच्या ‘इंडियन स्पीशी बँके’नेही दरवाजे लावले. ही बँक १९०६ मध्येच निघालेली, म्हणजे बँक ऑफ इंडियाची समवयस्क. चांदीच्या सट्ट्यात ती बुडाली. ठेवीदार मागताक्षणी परत मागू शकेल असा पैसा, लवकर मोकळा होणार नाही अशा व्यवहारात अडकवावयाचा नाही, हे पेढीव्यवसायातील प्राथमिक सूत्र होय. ते सांगणे सोपे. तेजीच्या दिवसांत शेजारची बँक अधिक व्याज देत असता ते पाळणे अवघड. पुढील काही वर्षांत देशभर अनेक बँका बुडाल्या. बँक ऑफ इंडिया टिकली, याचे श्रेय डेव्हिड यांच्या सावधगिरीस देणे न्याय्य ठरेल.

या सावधगिरीला दुसरी बाजूही होती. बँकेचे व्यवस्थापन यूरोपीय अधिकाऱ्यांच्या हाती राहिले. तेथे नोकरीत असलेले सोराबजी पोचखानवाला यांनी बाहेर पडून १९११ मध्ये ‘सेंट्रल बँक ऑफ इंडिया’ काढली, ती भांडवल व व्यवस्थापन ही दोन्ही भारतीय असावीत या आग्रहाने. १९११ मध्येच डेव्हिड यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली.

१९२१ मध्ये ते नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. ‘महापौर’ (मेयर) ही संज्ञा या पदास १९३१ पासून मिळाली. पद मोठ्या मानाचे, परंतु एका वर्षाचे. कार्यकारी अधिकार सरकारनियुक्त म्युनिसिपल कमिशनरकडे असत. १८८८ च्या अधिनियमानुसार ७२ सभासदांपैकी केवळ ३६ करदात्यांनी निवडलेले असत. उरलेले जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठ, व्यापारी मंडळ व सरकार यांच्याकडून येत. अशा सभागृहात बँकेचा अध्यक्ष अगदी स्वाभाविकपणे शोभून दिसे.

सभागृहाबाहेरचे शहर मात्र बदलले होते. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले. त्याच दिवशी परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली आणि बहिष्काराचे पर्यवसान दंगलीत झाले. स्वागतास गेलेल्या पारशी, ख्रिस्ती व ज्यू लोकांवर हल्ले झाले, प्रतिहल्लेही झाले. पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि या अल्पसंख्य समाजांवरील अत्याचारांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. नगराचा प्रथम नागरिक त्या वेळी ज्यू होता आणि सरकारनिष्ठही; त्या चार दिवसांत त्याचे पद शहराच्या काही उपयोगी पडू शकले नाही. १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यांनाही मताधिकार मिळाला आणि नियुक्तांचे प्राबल्य ओसरू लागले. डेव्हिड यांना त्या वर्षी के. सी. एस. आय. हा किताब देण्यात आला.

१९२१ मधीलच एक घटना त्यांच्या खऱ्या कार्यक्षेत्रातली आहे : मुंबई शेअरबाजाराच्या समाशोधनगृहाचे काम बँक ऑफ इंडियाकडे आले. शेअरबाजारातील देण्याघेण्याचा हिशेब सोपवावा इतका विश्वास पंधरा वर्षांत या बँकेने संपादन केला होता. १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत डेव्हिड बँकेच्या अग्रस्थानी राहिले. पुढे १९४६ मध्ये बँकेने लंडनला शाखा उघडली व १९६९ मध्ये इतर १३ बँकांसमवेत तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

त्यांचे पुत्र सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२–१९६४) यांनी चिनी मातीच्या भांड्यांचा जगप्रसिद्ध संग्रह केला. सुमारे १,७०० वस्तूंचा हा संग्रह २००९ पासून लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात मांडलेला आहे. मुंबईच्या सुताने जिथला पैसा आणला, त्याच चीनमधून या वस्तू आल्या. पर्सिव्हल यांच्या निधनानंतर बॅरोनेटची पदवी संपुष्टात आली.