बरोबरचं बटण कुठंय?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा: 'इन्फिक्सचं पोस्टफिक्स करा.' मी पायऱ्या पाठ केल्या, पैकीच्या पैकी मार्क घेतले आणि विसरून गेलो. असं लिहून कुणी खरंच हिशेब करत असेल, हे डोक्यातही आलं नाही.

परवा ऑफिसात एका सीनियरच्या टेबलावर एचपी-१२सी दिसला. मॉडेल १९८१ सालचं. बेरीज करायला गेलो तर '=' चं बटणच नाही! सर हसून म्हणाले, "आधी आकडे दे रे, मग काय करायचं ते सांग."

घरी येऊन खोदकाम केलं. यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये चिन्ह आधी लिहायची पद्धत काढली आणि कंसांची गरजच संपवली. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या चार्ल्स हॅम्ब्लिनने कॉम्प्युटरसाठी चिन्ह शेवटी ठेवायची पद्धत मांडली. हीच ती उलटी पोलिश.

१९७२ मध्ये एचपी-३५ आला. किंमत ३९५ डॉलर, बटणं ३५, त्यात कंस नाहीत. अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्लाइड रूल टाकून तो धरला (अर्थात, ज्यांना परवडला त्यांनी). (३+४)×(५+६) करायचंय? ३ एंटर ४ +, स्क्रीनवर ७. ५ एंटर ६ +, स्क्रीनवर ११. मग ×, की ७७. सात तोवर स्टॅकमध्ये थांबलेले असतात.

मग शाळांत ही पद्धत का रुजली नाही? १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३० साधारण २५ डॉलरला आला. कंसासकट, पुस्तकात छापलंय तसंच गणित दाबा. स्वस्त आणि शिकवायला सोपा. शाळेला आणखी काय हवं?

पण त्यात एक गोष्ट हरवली असं मला वाटतं. उलट्या पोलिशमध्ये आधी काय, नंतर काय हे आपल्यालाच ठरवावं लागतं आणि मधलं प्रत्येक उत्तर डोळ्यांसमोर येतं. माझ्या कॅल्क्युलेटरवर मी लांबलचक कंस दाबायचो आणि येईल ते उत्तर पेपरात उतरवायचो. एखादा कंस चुकला तर कळायचंही नाही.

असो. दुसऱ्या वर्षाचा तो प्रश्न मला आत्ता कळला. मार्क मात्र तेव्हाच मिळाले होते!