आकाशांतील मनाई आणि तिचा जाहीरनामा

आकाश सर्वांचें, ही समजूत फार जुनी आहे. पण मनुष्य आकाशांत शिरला त्यास सहा महिने होण्यापूर्वींच तेथें सरकारी हुकूम जाऊन पोंचला. 21 नोव्हेंबर 1783 रोजीं पॅरिस येथें मोंगोल्फिए बंधूंच्या फुग्यांतून दोन माणसें मोकळ्या आकाशांत विहार करून आलीं, आणि 23 एप्रिल 1784 रोजीं त्या शहराचा पोलीसप्रमुख लनोआर यानें परवानगीवांचून फुगे उडविण्यास मनाई केली. विस्तवाच्या बळावर उडणारा फुगा एखाद्या छपरावर पडला तर काय अनर्थ होईल, ही भीति अगदीं रास्त होती.

तथापि या मनाईपूर्वीं घडलेली एक गोष्ट आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. ऑगस्ट 1783 मध्यें शार्ल याचा निर्मनुष्य फुगा गोनेस गांवीं उतरला, तेव्हां गांवकऱ्यांनीं भयभीत होऊन त्याच्या चिंध्या केल्या. पुढें फ्रेंच सरकारनें, ही वस्तु काय आहे व तिला भिण्याचें कारण कां नाहीं, हें सांगणारें पत्रक काढलें. म्हणजे आकाशाविषयीं सरकारनें आधीं माहिती दिली, मग मनाई केली. हा क्रम पुढें वारंवार उलटला.

पहिल्या महायुद्धानंतर, 13 ऑक्टोबर 1919 रोजीं, पॅरिस येथें झालेल्या करारानें प्रत्येक राष्ट्राची आपल्या आकाशावरील सत्ता मान्य केली. लष्करी कारणास्तव कांहीं भागांवर उड्डाणबंदी घालण्याचा हक्क राष्ट्रांस मिळाला. परंतु त्या भागांचें स्थळ व विस्तार आधीं प्रसिद्ध केला पाहिजे, अशी अटही त्याच कलमांत होती. चुकून बंदीक्षेत्रावर आलेल्या विमानानें, ही गोष्ट ध्यानांत येतांच, संकटाची खूण करून जवळच्या तळावर उतरावें, असें पुढील कलम सांगतें. हक्काबरोबर कर्तव्य आलें, तें असें. 1944 च्या शिकागो येथील करारानेंही हेंच तत्त्व कायम ठेविलें.

आपल्याकडे 1937 च्या विमाननियमांच्या परिशिष्टांत बंदीक्षेत्रांची यादी आहे. तींत मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी समाजाचे दख्मे आहेत, हें पाहून वाचकांस कौतुक वाटेल. ज्या स्थळीं मृतांचे देह उघड्या आकाशाखालीं ठेवितात, तेथें वरून कोणाची दृष्टि पडूं नये, हें मन जाणणारा कायदा केवळ तोफांचा विचार करणारा नव्हे.

ही यादी वैमानिकांसाठीं होती, आणि वैमानिक म्हणजे शिकलेला, परवाना घेतलेला, सूचना वाचूनच निघणारा मनुष्य. ड्रोन आल्यावर ही व्यवस्था अपुरी पडली. लग्नाचीं छायाचित्रें घेणारा तरुण विमानतळावर जात नाहीं. तो मांडवाच्या दाराशींच उड्डाण करतो. सरकारनें ऑक्टोबर 2014 मध्यें खासगी ड्रोनांस सरसकट मनाई केली. 1 डिसेंबर 2018 पासून नियम लागू झाले. आणि 25 ऑगस्ट 2021 रोजीं नवे नियम येऊन, पुढील महिन्यांत ‘डिजिटल स्काय’चा हिरवा, पिवळा व तांबडा नकाशा प्रसिद्ध झाला. त्या नियमांनीं हिरव्या क्षेत्रांत 400 फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरांच्या पट्ट्यांत 200 फुटांपर्यंत, पूर्वपरवानगीवांचून मोकळीक दिली. उड्डाणापूर्वीं नकाशा पाहणें मात्र उडविणारावर बंधनकारक केलें.

येथेंच खरी अडचण आहे. नकाशा आज हिरवा असला तरी उद्यां तात्पुरती बंदी येऊं शकते. शिवाय मुंबईसारख्या शहरांत पोलीस वेळोवेळीं आपल्या अधिकारांत स्वतंत्र मनाईहुकूम काढतात. म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावर किंवा गेल्या महिन्यांत पाहिलेल्या चित्रावर विसंबून राहूं नये. उड्डाणाच्या दिवशीं सरकारी नकाशा पाहावा आणि स्थानिक पोलीस ठाण्यांत विचारावें, असेंच आम्ही सांगूं. चुकीचें फळ दंडापुरतेंच राहील असें नाहीं. त्याच आकाशांतून एखाद्या रुग्णास नेणारें हेलिकॉप्टर येत असेल.

पण दुसऱ्या पक्षासही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. जी मनाई शोधण्यास चार दारें ठोठवावीं लागतात, ती पाळण्याची इच्छा असलेल्यासही पाळतां येत नाहीं. मनाई करण्याचा अधिकार सरकारचा आहे. ती एका ठिकाणीं, स्पष्ट आणि वेळेवर सांगण्याचें ऋणही त्याचेंच आहे.