झारोझ्येची पाणचक्की

युरोपातील पिशाचकथांचा उगम शोधू जाणारा मनुष्य बहुधा स्मशानाची वाट धरतो. परंतु सर्बियाच्या लोकपरंपरेने आपल्या रक्तपिपासू प्रेतास निवासस्थान म्हणून नेमून दिली ती ओढ्याकाठची पाणचक्की. 1725 साली किसिल्येवो गावच्या एका मृत शेतकऱ्याविषयी ऑस्ट्रियन अंमलदाराने व्हिएन्नाकडे धाडलेल्या अहवालामुळे अशा प्रेतांची वार्ता पश्चिमेकडे पसरली हे खरे. तथापि मला त्याहून मोलाची वाटते ती कोशकार वुक काराजिच यांची 1818 च्या सर्बियन शब्दकोशातील नोंद. खांद्यावर कफन टाकून हिंडणारी ही प्रेते दुष्काळाच्या वर्षी पाणचक्क्या, धान्याची कोठारे आणि मक्याच्या कणग्या यांच्या आसपास दिसतात, असे ते नमूद करतात.

दुष्काळ आणि पाणचक्की यांची ही सांगड आकस्मिक नव्हे. आपल्याकडे दळण घरातच, पहाटे, ओवीच्या संगतीने होई. त्या मुलखात मात्र दाणे घेऊन वस्तीपासून दूर, ओढ्याला जेथे उतार लाभेल तेथे जावे लागे. सामायिक मालकीच्या चक्कीत प्रत्येक घराची पाळी ठरलेली असे, आणि ती रात्री आली तर रात्र तेथेच काढणे प्राप्त होते. जमिनीखाली आडवे चाक गरगरत आहे, वरच्या तळीवर टेकलेली लाकडी काठी अखंड खडखडत जात्याच्या तोंडात वैरण सांडीत आहे, आणि त्या आवाजात दाराशी आलेल्या माणसाची चाहूलसुद्धा लागत नाही, अशा ठिकाणी दुसऱ्यांचे धान्य एकट्या माणसाच्या हवाली असे. ज्या वर्षी घरोघरच्या कणग्या रित्या, त्या वर्षी तेथे अंधारात कोण येई आणि कशासाठी, हे निराळे सांगावयास नको.

सर्बियन लेखक मिलोवान ग्लिशिच यांनी 1880 साली, म्हणजे स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'च्या 17 वर्षे आधी, लिहिलेली 'नव्वद वर्षांनंतर' ही कथा याच वातावरणात उपजली. झारोझ्ये गावच्या चक्कीत जो मुक्कामास राहील तो सकाळी गळ्याभोवती लाल वळ उमटलेला, मृतावस्थेत सापडतो. अखेर स्त्राहिन्या नावाचा तरुण अंथरुणावर ओंडका निजवून, त्यावर पांघरूण घालून, आपण माळ्यावर पिस्तुले रोखून बसतो. रात्री आलेले सावा सावानोविच नावाचे प्रेत फसते आणि हळहळते, ते एवढ्याचसाठी की, इतक्या वर्षांत आजच त्याच्यावर उपाशी परतण्याची पाळी आली. वैर नाही, शाप नाही, केवळ चुकलेले जेवण! काराजिच यांच्या नोंदीशी हे किती जुळते पाहा.

सावाची म्हणून दाखविली जाणारी जीर्ण चक्की 2012 साली कोसळली, तेव्हा बेघर पिशाच गावात शिरेल म्हणून दारांवर लसूण टांगण्याचा सल्ला स्थानिक अधिकाऱ्यांनी दिल्याचे वृत्त जगभर गाजले आणि लोकांनी ते हसण्यावारी नेले. परंतु या पिशाचाच्या मुळाशी भूक आहे; म्हणून सावाची कथा लोकविद्येच्या दप्तरात न अडकता दुष्काळाच्या इतिहासातही दाखल झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.