बातमी पोचली होती

11 जुलै 1961, संध्याकाळ
पानशेतचं मातीचं धरण पहिल्याच पावसाळ्यात तुडुंब भरत आलंय. धरणाच्या पोटातून पाणी सोडणारी मोरी अपुरी आहे, तिच्या काँक्रीटमध्ये लोखंड नाही. काम खरं तर पुढच्या वर्षी संपायचं होतं. आता मोरीवरची माती खचते आहे.

रात्र
लष्कराचे जवान भर पावसात खचलेल्या जागी वाळूची पोती रचताहेत, हजारोंनी. धरण रात्री फुटलं नाही, याचं श्रेय या पोत्यांना. म्हणजे धोक्याची बातमी पुण्यात पोचली होती, त्याशिवाय जवान आले कसे? पण ती कचेऱ्यांतच राहिली. मुठेकाठच्या पेठा गाढ झोपेत.

12 जुलै, पहाट
पोत्यांनी मिळवून दिलेले हे तास. एवढ्या वेळात वाड्यावाड्यांतून दारं ठोठावता आली असती. प्रत्येक आळीत तालीम होती, गणपतीचं मंडळ होतं. कोणत्या खोलीत म्हातारी एकटी असते, हे तिथल्या पोरांना तोंडपाठ. त्यांना कुणी विचारलं नाही.

सकाळी 7 च्या सुमारास
पानशेत फुटलं. लोंढा खाली खडकवासल्याच्या धरणाकडे निघाला.

त्यानंतरचे काही तास
1879 सालची खडकवासल्याची दगडी भिंत पाणी डोक्यावरून वाहू देत तग धरून आहे. शहरात आता कुजबुज आहे, पोलिसांची धावपळ आहे, आणि पुलांवर बघ्यांची गर्दी आहे. या बघ्यांना पुढे बरीच नावं ठेवली गेली. मला ते पटत नाही. मुठेचा पूर पाहायला जायची पुणेकरांची जुनीच रीत; हा पूर पावसाचा नाही, धरणाचा आहे, हे त्यांना वेळेवर सांगायचं कुणी?

दुपार
खडकवासलाही फुटलंय. लकडी पूल पाण्याखाली. नारायण, शनिवार, कसबा या पेठांत मातीचे वाडे खाली बसताहेत. मृतांचा आकडा नंतर हजाराच्या घरात सांगितला गेला. नेमका कधीच ठरला नाही.

रात्र
पाणी ओसरलं. दिवे नाहीत, घराघरांत गुडघाभर गाळ. शहराला पाणी पुरवणारं खडकवासलाच गेल्यामुळे नळ कोरडे पडणार होते. मग लोकांनी पेशवाईतले, कात्रजच्या पाण्यावरचे हौद गाठले. ते कुठल्या बोळात आहेत, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं.