टॅलंड हाऊस : कुंपणाआडचे परतणे

सुटलेल्या घराकडे परत जाणे हा साहित्यातला जुना विषय आहे. मराठी समीक्षेत अशा लेखनाला आपण ‘स्मरणरंजन’ म्हणतो, आणि तसे म्हणताना त्याला किंचित कमी लेखतोही. व्हर्जिनिया वुल्फची ‘टू द लाइटहाऊस’ (१९२७) ही कादंबरी शिकवताना हा शब्द आमच्याही तोंडी येतो. लेखिकेचे बालपणीचे समुद्रकाठचे घर, तिचे आईवडील आणि समोरचे दीपगृह एवढे सांगितले की ‘आत्मचरित्रात्मक’ हा शिक्का मारून पुढे जाता येते. मात्र बालपण आणि कादंबरी यांच्यामध्ये १९०५ सालचे एक परतणे आहे. आमच्या मते या कादंबरीची दृष्टी समजून घेण्यासाठी ते परतणे बालपणाइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रथम घराविषयी. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात सेंट आइव्हज हे मासेमारीचे गाव आहे. १८७७ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली आणि लंडनच्या सुखवस्तू कुटुंबांना हा किनारा जवळचा झाला. चरित्रकोशकार व समीक्षक लेस्ली स्टीफन यांनी १८८१ मध्ये तेथले टॅलंड हाऊस भाडेपट्ट्याने घेतले. पुढच्या वर्षी जानेवारीत व्हर्जिनियाचा जन्म झाला. १८८२ ते १८९४ पर्यंत दर उन्हाळ्यात हे कुटुंब सामानसुमान, नोकरचाकर आणि पाहुण्यांसह तेथे राहिले. उतारावरच्या बागेत एस्कॅलोनियाची कुंपणे होती. खाली उपसागर आणि पलीकडे १८५९ मध्ये उभे राहिलेले गॉड्रेव्हीचे दीपगृह दिसे. मुले घरात एक हस्तलिखित वृत्तपत्र चालवीत. त्यातल्या सप्टेंबर १८९२ च्या अंकात दीपगृहाच्या सफरीची बातमी आहे. धाकट्या एड्रियनला त्या सफरीला जाऊ दिले नाही आणि तो फार हिरमुसला, अशी नोंदही तीत आहे. कादंबरीतल्या जेम्सचे मूळ वाचकांना येथे सहज ओळखता येईल.

५ मे १८९५ रोजी आई ज्युलिया वारली. कोलकात्यात १८४६ मध्ये जन्मलेली ही स्त्री सेंट आइव्हजमधल्या गरीब आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असे. तिच्या मृत्यूनंतर त्या घरी जाणे वडिलांना असह्य झाले आणि भाडेपट्टा दुसऱ्याकडे गेला. म्हणजे हे घर कधीच या कुटुंबाच्या मालकीचे नव्हते. त्याचे ‘आपलेपण’ आईच्या असण्यावर उभे होते. १८९७ मध्ये सावत्र बहीण स्टेला वारली आणि फेब्रुवारी १९०४ मध्ये वडीलही गेले. त्यानंतर व्हर्जिनियाला मानसिक आजाराने गाठले. त्यातून सावरून ती भावंडांसह ब्लूम्सबरीत राहू लागली आणि वर्षअखेरीस तिची पहिली परीक्षणे छापून आली.

ऑगस्ट १९०५ मध्ये व्हनेसा, थोबी, व्हर्जिनिया आणि एड्रियन ही चौघे भावंडे रेल्वेने कॉर्नवॉलला आली आणि सेंट आइव्हजजवळच्या कार्बिस बे येथे उतरली. व्हर्जिनिया तेव्हा तेवीस वर्षांची होती. पोहोचल्याच रात्री ती सारी टॅलंड हाऊसकडे चालत गेली. या प्रसंगाचे वर्णन तिच्या त्या वर्षीच्या रोजनिशीत आहे. आपण दिवसभर बाहेर हिंडून आता घरी परततो आहोत, अशी कल्पना त्यांनी करून घेतली. फाटक ढकलून, ओळखीचा चढ व पायऱ्या चढून ती कुंपणापर्यंत गेली आणि फटीतून पाहू लागली. घर जणू आज सकाळीच सोडले असावे तसे दिसत होते. खिडक्यांत उजेडही होता. परंतु तो उजेड परक्यांचा होता. आणखी एक पाऊल पुढे टाकले तर सारी जादू मोडेल, हे चौघांनाही कळले. पावलांची चाहूल लागताच ती भुतांसारखी माघारी फिरली.

या वर्णनातली भुताची प्रतिमा आम्हांला महत्त्वाची वाटते. सामान्यतः स्मरणरंजनात घर भुतासारखे धूसर होते, आणि आठवणारा मात्र जिवंत व ठोस असतो. येथे घर जिवंत आहे, त्यात दिवे आहेत, माणसे आहेत. उरलेली भावंडे मात्र भुते झाली आहेत. आपल्यावाचून घर चालू आहे, याचा अनुभव तेवीस वर्षांच्या या तरुणीला अंधारात उभे राहून आला.

त्या सुट्टीत आणखी एक गोष्ट घडली. बालपणी दरवर्षी मासेमारीच्या मोठ्या नावा पिलचर्ड माशांची, म्हणजे आपल्या तारलीच्या जातभाईंची, वाट पाहत उपसागरात उभ्या असत. टेकडीवर टेहळणीला माणूस बसे. परंतु मासळीचे थवे आले नाहीत. ते आले १९०५ साली, जेव्हा ही मुले भाड्याच्या खोल्यांत पाहुणी होती. सारा उपसागर जाळ्यांनी गजबजला. गावातल्या काही जुन्या माणसांनी त्यांना ओळखलेही आणि आईची आठवण काढली. घर परके झाले तरी गावाने त्यांना पूर्णपणे परके केले नव्हते.

बावीस वर्षांनी, ५ मे १९२७ रोजी, म्हणजे आईच्या मृत्युदिनीच, कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या ‘टाइम पासेस’ या मधल्या भागात दहा वर्षे घर रिकामे आहे. मिसेस रॅम्से यांचा मृत्यू चौकोनी कंसातल्या एका वाक्यात उरकला जातो. विस्तार मिळतो तो वाऱ्याला, ओलीला आणि धुळीला. माणसांशिवाय घर पाहणारी ही नजर बालपणाने दिली असे म्हणता येणार नाही. ज्याला घर दिसते पण ज्याला घरात स्थान नाही, अशा माणसाची ती नजर आहे. कुंपणाआडून ती प्रथम लाभली, असे आम्ही मानतो.

मात्र एक फरक नोंदवला पाहिजे. त्या रात्रीच्या वर्णनात घराची मालकी मनातल्या मनात तरी भावंडांचीच आहे. कादंबरीत कोसळू पाहणारे घर सावरतात त्या मिसेस मॅकनॅब आणि मिसेस बास्ट या झाडलोट करणाऱ्या स्थानिक स्त्रिया. उन्हाळ्यापुरत्या घरांचे उरलेले महिने कोणाच्या श्रमावर निभावतात, या प्रश्नाला वुल्फ येथे स्पर्श करते. मिसेस मॅकनॅबचे चित्रण काही ठिकाणी वरून पाहणारे आहे, हा आक्षेप खरा आहे. तरीही मिसेस रॅम्सेंना त्यांच्या जुन्या झग्यासह आठवण्याचा हक्क कादंबरीने तिलाही दिला आहे, हे विसरता येत नाही.

कादंबरीचे स्थळ स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांत आहे. तेथे असे वृक्ष व पक्षी नाहीत, असे पत्र लॉर्ड ऑलिव्हिए यांनी प्रसिद्धीनंतर लेखिकेला लिहिले. तपशिलात ते बरोबर होते. बेटाचे नाव बदलले तरी बाग कॉर्नवॉलचीच राहिली होती. नोव्हेंबर १९२८ मध्ये वडिलांच्या जन्मदिवशी वुल्फने रोजनिशीत लिहिले की पूर्वी आईवडिलांचा विचार रोज मनात येई, ‘लाइटहाऊस’ लिहिल्यावर ते दोघे मनात शांत झाले. १९०५ च्या परतण्याने हे साधले नव्हते. तेव्हा चौघे फक्त मागे वळले होते.

म्हणून ही कादंबरी शिकवताना १८९२ ची सफरीची बातमी, १९०५ ची रोजनिशी आणि ‘टाइम पासेस’ हा भाग या क्रमाने विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत, असे आम्ही सुचवू. दहा वर्षांच्या मुलीपाशी सफरीची हकिगत होती. तेवीस वर्षांच्या तरुणीपाशी परक्यांनी लावलेल्या दिव्यांचे दुःख होते. या दोहोंतून कादंबरी निघायला आणखी वीस वर्षे लागली. ‘आत्मचरित्रात्मक’ या एका शब्दात ती वीस वर्षे मावत नाहीत.